घंटी वाजली, पण कुठे?

आमच्या नागपुरात वीज गेली की बरेच जण ‘लाइट गेली’ म्हणत नाहीत, ‘लाइन गेली’ म्हणतात. आता टेलिफोनचीही लाइनच असते. मग एखाद्या दिवशी दोन्ही लाइनी एकदमच गेल्या तर काय गोंधळ होईल, सांगा पाहू! असा गोंधळ आमच्या शाळेत खरंच झाला होता. तो २०१६ सालच्या जुलै महिन्यातला.

आदल्या रात्री जोराचं वादळ झालं. झाडं पडली, तारा तुटल्या. रात्री गेलेली वीज सकाळी दहाला आली. पंखे फिरू लागले, ऑफिसमधला फोन उचलला तर टोनही आला. सगळं ठीक आहे असं समजून आम्ही कामाला लागलो.

दुपारी शाळा सुटली. दुसरीतली एक मुलगी फाटकाशी ऑटोची वाट पाहत उभी होती. ऑटो काही आलाच नाही. शेवटी ती चौथीतल्या एका मुलासोबत पायीच निघाली. आमच्या मावशींनी तिला पार कोपऱ्यावर, वाहत्या रस्त्याच्या कडेला पाहिलं आणि हाताला धरून परत आणलं. तेवढ्यात तिची आई धापा टाकत आली. रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, मी चारदा फोन केला. ऑटोच्या रस्त्यात झाड पडलं, पोरीला आतच बसवून ठेवा म्हणून सांगायचं होतं. घंटी वाजून राहिली होती, पण कोणी उचललाच नाही!”

मोठ्या मॅडम म्हणाल्या, “अहो, मी सकाळपासून फोनपाशीच बसली आहे. एकदाही वाजला नाही.”

बरं का, खोटं दोघींपैकी कोणीच बोलत नव्हतं. मग घंटी वाजली तरी कुठे?

हे कोडं सोडवायचं तर आधी शाळेच्या फोनची ओळख करून घेऊ. घरी एक तार, एक फोन, एवढंच असतं. शाळेत, बँकेत, दवाखान्यात मात्र बाहेरून एक-दोनच लाइनी येतात आणि आत खोल्याखोल्यांत फोन असतात. मध्ये भिंतीवर एक पेटी असते. तिला ईपीएबीएक्स म्हणतात. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. बाहेरून आलेला फोन कोणत्या खोलीत वाजवायचा, हे ती ठरवते. म्हणजे आपल्या इमारतीपुरतं छोटं टेलिफोन एक्स्चेंजच म्हणा ना!

पूर्वी हे काम माणसं करत. एक्स्चेंजमधल्या बाई हाताने तारा जोडून द्यायच्या. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये स्ट्रोजर नावाचे गृहस्थ होते, अंत्यसंस्काराचं सामान आणि व्यवस्था पुरवणारे. असं सांगतात, की त्यांच्यासाठी आलेले फोन एक्स्चेंजमधल्या बाई दुसऱ्याच दुकानदाराकडे जोडायच्या. चिडून त्यांनी माणसाशिवाय चालणारं एक्स्चेंजच शोधून काढलं! १८९१ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. फोन भलत्याच ठिकाणी जाण्याचं दुखणं असं जुनं आहे.

आपल्या देशात अशा यंत्रांपुढे आणखी अडचणी होत्या. ऊन, धूळ आणि वेळीअवेळी जाणारी वीज! परदेशी यंत्रांना थंडगार खोली लागायची. नागपूरच्या मे महिन्याची त्यांना काय कल्पना! १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था सुरू झाली. तिच्या तरुण इंजिनिअरांनी एअरकंडिशनरशिवाय चालणारं छोटं एक्स्चेंज बनवलं. १९८६ साली ते कर्नाटकातल्या कित्तूर इथे बसलं. हो, राणी चन्नम्माचं कित्तूर तेच.

असो. आपली पेटी राहिली. दुसऱ्या दिवशी फोनचे मेकॅनिक काका येणार होते, पण मला काही राहवेना. सगळ्यात आधी बाहेरच्या लाइनचा खटका पेटीतून काढून एका साध्या फोनला लावला. टोन आला. म्हणजे बाहेरची लाइन चांगली. ती पुन्हा पेटीला जोडली आणि ऑफिसमधून स्टाफरूमचा नंबर फिरवला. तिथली घंटी वाजली. म्हणजे पेटीही जिवंत! दोन्ही ठीक, तरी फोन मुका.

मग मी चौथीची अकरा मुलं बोलावली. एकेका खोलीच्या दाराशी एकेक जण उभा केला. “कोणी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं,” असं बजावलं आणि खाली मैदानातून मोबाइलवर शाळेचा नंबर लावला. सगळी शाळा चिडीचूप. आणि दुसऱ्या मजल्यावरून आरोळी आली, “मॅडम, इथं वाजून राहिला!”

ती होती कुलूप लावलेली कॉम्प्युटरची खोली. आत, बंद दारामागे, फोन ठणाणा वाजत होता. आदल्या दिवशी त्या माऊलीचे चारही फोन तिथेच वाजले असणार.

का बरं? पेटी बसवली तेव्हा ऑफिस त्या खोलीत होतं. तिथला फोन पेटीचा नंबर एक. पुढे ऑफिस खाली आलं, तेव्हा ‘आता फोन खाली वाजव’ असं पेटीला शिकवलं गेलं. ही शिकवण लक्षात ठेवायला पेटीत रुपयाएवढा एक सेल असतो. आमचा सेल कधीचा संपला होता, पण पेटीला वीज किंवा मोठी बॅटरी मिळत होती, तोवर ते कळलंच नाही. त्या लांबलचक रात्री मोठी बॅटरीही बसली आणि पेटी सगळं विसरली. वीज आल्यावर तिला आठवलं ते फक्त कारखान्यात शिकवलेलं, फोन आला की नंबर एक वाजवायचा!

मेकॅनिक काकांनी सेल बदलला, पेटीला पुन्हा शिकवलं आणि ते सगळं एका कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवलं. जाताना म्हणाले, “नशीब, पेटी जळली नाही. वीज परत येते तेव्हा कधी कधी दाब एकदम वाढतो. लाइन गेली की बटण बंद करायचं, आली की पाच मिनिटं थांबून सुरू करायचं.”

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. अशी पेटी तुम्ही उघडायची नाही! तिच्यात २३० व्होल्टची वीज येते. फोनच्या तारेत एरवी ४८ व्होल्ट असतात, पण घंटी वाजताना ७५ च्या आसपास किंवा जास्तही होतात. चांगलाच झटका बसतो.

आता पालकांसाठी थोडं. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून त्याच तारेने वीज मिळते. म्हणून घरात अंधार असला तरी तो चालतो. आता पुष्कळ घरांत फायबरचा फोन आला आहे. फायबर म्हणजे काचेचा केसासारखा धागा. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे घरातला डबा बंद पडला की फोनही बंद. तुमचा फोन कोणता, हे एकदा वीज गेल्यावर उचलून बघा. आणि शाळेच्या डायरीत दिलेला नंबर लावल्यावर घंटी नेमकी कुठे वाजते, हेही एकदा शाळेत विचारा.

आमच्या शाळेत तेव्हापासून चौथीच्या दोन मुलांना ड्यूटी असते. वीज बराच वेळ गेली आणि परत आली, की मी मोबाइलवरून फोन लावायचा आणि त्यांनी कान देऊन ऐकायचं. त्या दुसरीतल्या मुलीने चौथीत गेल्यावर ही ड्यूटी स्वतःहून मागून घेतली. एकीने ऑफिसपाशी थांबायचं असतं, एकीने वर. ही नेहमी वर पळायची, त्या कुलूपबंद खोलीच्या दाराला कान लावायची आणि कठड्यावरून वाकून ओरडायची, “मॅडम, इथं नाही वाजत!”