नकाशा आपला, माहिती कोणाची?

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर परिसरात भूखंडविक्री किंवा ठिबक सिंचनाची कामे करणारा व्यावसायिक जेव्हा आपल्या संकेतस्थळावर गटांच्या हद्दी, पाणंद रस्ते आणि कालव्याच्या चाऱ्या यांची फाईल उतरवून घेण्यासाठी ठेवतो, तेव्हा तो नुसते चित्र दाखवत नाही, तर अक्षांश-रेखांशांसह मूळ विदा, म्हणजे संगणकाला वाचता येणारी माहिती, इतरांच्या हाती देतो. म्हणूनच ती देण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

नकाशे आणि भूस्थानिक विदेविषयी केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांवरील पूर्वपरवानगीचे बंधन बहुतांशी दूर केले. मात्र त्यामुळे दुसऱ्याने तयार केलेली विदा कोणालाही मोकळी झाली नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नकाशा कलाकृतींत, तर संगणकीय विदासंच साहित्यकृतींत मोडतो. केवळ श्रम पुरेसे नसून निवडीत किंवा मांडणीत किमान सर्जनशीलता हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात म्हटले असले, तरी विदा घेताना मान्य केलेल्या अटी करार म्हणून बंधनकारक राहू शकतात.

या अटी स्रोतागणिक बदलतात. २०१७ च्या शासकीय मुक्त विदा परवान्याखालील माहिती व्यवसायासाठीही वापरता येते, पण श्रेयनिर्देश, म्हणजे मूळ स्रोताचा उल्लेख, आवश्यक असतो आणि व्यक्तिगत माहिती या परवान्यात येत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशा-प्रकल्पाची विदा २०१२ पासून ज्या परवान्याखाली आहे, त्यानुसार तिच्यापासून बनवलेल्या चित्राला श्रेयनिर्देश पुरतो, परंतु तिच्यात भर घालून तयार केलेला विदासंच प्रसिद्ध केल्यास तोही त्याच अटींवर सर्वांना द्यावा लागतो. खाजगी मोजणीदाराला पैसे दिले म्हणून त्याच्या आराखड्याचा कॉपीराइट आपोआप हस्तांतरित होत नाही. त्यासाठी लेखी करार लागतो.

म्हणून प्रत्येक फाईलसोबत स्रोत, दिनांक आणि पुढील वापराच्या अटी सांगणारी नोंद असावी, खातेदारांची नावे वगळावीत, आणि फाईलमधील रेषा भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीची जागा घेत नाहीत, हे स्पष्ट लिहावे. बांधाच्या वादात कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या झिजतात, हे जाणणाऱ्या गावात हद्दीची रेषा प्रसिद्ध करणाऱ्याने एवढी जबाबदारी स्वीकारलीच पाहिजे.