एका ताऱ्याची नोंद

आपल्या शहरातील वस्त्यांच्या नावांकडे जरा लक्ष देऊन पाहावे. लष्कर, कंपू, छावणी! १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे उज्जैनीहून ग्वाल्हेरास हलविले, आणि किल्ल्याच्या दक्षिणेस त्यांच्या फौजेचा तळ पडला. तंबूंच्या जागी पुढे वाडे उठले, गल्ल्या झाल्या, बाजार भरू लागले. पण वस्तीचे नाव लष्कर ते लष्करच राहिले. येथील जुन्या मराठी घरांपैकी फारच थोडी अशी असतील, की ज्यांच्या बोलण्यात कोणी शिलेदार, बारगीर किंवा कारकून पूर्वज येत नाही. मात्र त्या बोलण्याला कागदाचा आधार किती घरांत आहे, असा प्रश्न केला तर आपण गप्प होतो. सरदारांच्या घरी सनदा असतात, तसबिरी असतात. साध्या शिपायाच्या घरी काय असते? फार झाले तर एखादे पदक, आणि ते दिल्याची सरकारी दप्तरातील एक ओळ.

या ओळीचे मोल पदकाहून अधिक असते, ही गोष्ट मला गेल्या दोन वर्षांत कळली. ती कशी कळली हे सांगण्यापूर्वी ग्वाल्हेरच्याच इतिहासातील एका ताऱ्याची आठवण करून देणे अवश्य आहे.

१८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे निवर्तले. मागे राहिल्या त्या अल्पवयीन ताराबाई आणि दत्तक घेतलेले बालवयाचे जयाजीराव. मामासाहेब कदम आणि दादा खासगीवाले यांच्या पक्षांत कारभारासाठी ओढाताण सुरू झाली, आणि ती निमित्त करून गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांनी ग्वाल्हेरवर फौजा आणल्या. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. महाराजपूरला सर ह्यू गफ यांच्याशी आणि पनिहारला मेजर जनरल ग्रे यांच्याशी. आपला तोफखाना शेवटपर्यंत हटला नाही, हे शत्रूच्या लेखकांनीही मान्य केले आहे. तरी दोन्ही ठिकाणी आपला पराभव झाला. पुढच्याच महिन्यात तह होऊन शिंद्यांची फौज नऊ हजारांवर आणली गेली, म्हणजे उरलेल्या शिपायांना घरी जावे लागले.

विजयी सैन्यासाठी इंग्रजांनी एक तारा काढला. सहा टोकांचा, काशाचा, मध्ये छोटा रुपेरी तारा आणि त्यावर लढाईचे नाव व तारीख. ‘ग्वाल्हेर स्टार’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्याचे कासे कोठले? जिंकून नेलेल्या आपल्याच तोफांचे! ते वितळवून कलकत्त्याच्या टांकसाळीत हे तारे घडविले, आणि प्रत्येकाच्या मागे घेणाऱ्याचे नाव व त्याची पलटण कोरली. म्हणून आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही असा एखादा तारा लिलावात आला, की तो कोणत्या गोऱ्या शिपायाचा, कोणत्या पलटणीतल्या देशी नाईकाचा, हे तत्काळ सांगता येते. कलकत्त्यास हुगळीकाठी ग्वाल्हेर मोन्युमेंटही उभे आहे. परंतु त्या तोफांजवळ जे पडले ते गोलंदाज कोण, कोणत्या गावचे, कोणाचे मुलगे? धातू आपला, तोफ आपली, तोफेवरचा माणूसही आपला. नाव तेवढे दुसऱ्याचे कोरले गेले. जिंकणाऱ्याने आपली यादी केली यात नवल नाही. हरलेल्या बाजूच्या शिपायाची यादी जपण्याचे काम मात्र कोणाचेच राहिले नाही.

हा झाला जुना इतिहास. आता आजची गोष्ट.

सिटी सेंटर ही आपल्या शहराची नवी वस्ती. रुंद रस्ते, बँका, दुकाने, कचेऱ्या आणि मजल्यांवर मजले चढविलेल्या सदनिका. लष्करातील जुने वाडे सोडून अनेक मराठी कुटुंबे तिकडे राहावयास गेली, त्यांत आमचेही एक. आमच्याच इमारतीत सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. १९७१ च्या युद्धात ते तरुण सिग्नलमन होते, आणि पश्चिम आघाडीवर एका पायदळ पलटणीला जोडून दिले होते. काम टेलिफोनची तार अंथरण्याचे. तोफगोळ्याने तार तुटली, की अंधारात हाताने चाचपत तुटलेले टोक शोधायचे आणि जोडायचे. या कामात त्यांचा जोडीदार त्यांच्या डोळ्यांदेखत पडला. तोही मराठीच, साताऱ्याकडचा.

त्या युद्धासाठी सरकारने निरनिराळी पदके दिली. पूर्व आघाडीवरच्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार, आणि अधिक विस्तृत क्षेत्रात सेवा केलेल्यांना संग्राम मेडल. काकांच्या डिस्चार्ज बुकात संग्राम मेडल आहे, १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्या सर्वांना मिळालेले स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदकही आहे. पश्चिमी स्टार मात्र नाही. निवृत्तीच्या वेळी त्यांनी विचारले तेव्हा ‘मागाहून येईल’ असे कोणीसे सांगितले. पुढे संसार, पहारेकऱ्याची नोकरी, मुलांची शिक्षणे. मागाहून येणारे काही आले नाही. नातवाने विजय दिवसाच्या कार्यक्रमासाठी त्यांची पदके पुसावयास घेतली आणि पुस्तिकेशी ताडून पाहिली, तेव्हा तो विषय पुन्हा निघाला. इंग्रजी अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

मी प्रथम त्यांना व्यवहाराची गोष्ट सांगितली. या ताऱ्याबरोबर एक पैसाही मिळत नाही, निवृत्तिवेतन वाढत नाही. तारा हवाच असेल तर कोणत्याही छावणीजवळच्या बाजारात गणवेशाचे सामान विकणारी दुकाने असतात, तेथे तो फितीसकट विकत मिळतो.

काका म्हणाले, “विकतचा लावायचा असता तर पन्नास वर्षं थांबलो असतो का? मला तारा नको, ओळ पाहिजे.”

“ओळ कशाला?”

“जोडीदार गेला तेव्हा त्याच्या आईला मी पत्र लिहिलं होतं, की मी शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतो. पुढे सुटीत जाऊन भेटूनही आलो. आता माझ्या कागदाप्रमाणे मी त्या आघाडीवर नव्हतोच. मग त्या माउलीला मी खोटं सांगितलं असं होतं की नाही?”

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मी अर्ज लिहावयास बसलो.

शिपायाची नोंद कशी होते हे मला त्या निमित्ताने समजले, आणि वाचकांसही ते ठाऊक असणे बरे. शिपायाच्या आयुष्यातील प्रत्येक फरक, म्हणजे बढती, बदली, विवाह, अपत्याचा जन्म, दुसऱ्या तुकडीस जोडून देणे, हे पलटणीच्या दप्तरातून एका आदेशाने जाहीर होते. शिपाई त्याला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. तो आदेश त्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसात जातो आणि तेथे त्याच्या सेवापत्रकावर एक ओळ चढते. पदकाचा हक्कही याच ओळींवरून ठरतो. आधी नोंद, मग पदक; आणि पदकावर शिपायाचा क्रमांक व नाव कोरलेले. बाजारातल्या ताऱ्यावर नसते ते हेच.

युद्धाच्या धामधुमीत एक आदेश निघावयाचा राहिला, किंवा निघूनही पोहोचला नाही, की मनुष्य कागदोपत्री आपल्या मूळ ठिकाणीच बसून राहतो. काकांचे असेच काही झाले असावे. यात कोणाचा दुष्टावा असतो असे नाही. लाखो माणसांची दप्तरे सांभाळणाऱ्यांच्या हातून एखादी ओळ सुटते. ज्याची ती सुटते त्याच्यापुरती मात्र ती एकच असते.

काही महिन्यांनी उत्तर आले. भाषा सभ्य होती. उपलब्ध कागदपत्रांत सदर जोडणीची नोंद आढळत नाही, पुरावा असल्यास पाठवावा. पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा आणावयाचा कोठून? वरिष्ठ अधिकारी हयात नव्हते. पलटणीतील सोबत्यांचे पत्ते हरवले होते.

तेव्हा काकूंना ट्रंकेची आठवण झाली. काकांच्या आईने मुलाची सगळी पत्रे एका फडक्यात बांधून ठेवली होती. त्यांत डिसेंबर १९७१ आणि त्यापुढील महिन्यांची काही अंतर्देशीय पत्रे निघाली. मजकूर म्हणावा तर चार ओळींचा: मी खुशाल आहे, थंडी फार आहे, काळजी करू नये. कोठे आहे हे लिहावयाची मनाईच होती. परंतु पत्राच्या मागील बाजूस पाठविणाऱ्याचा पत्ता होता, आणि त्यात काकांचा क्रमांक, हुद्दा, ज्या पलटणीला ते जोडलेले होते तिचे नाव आणि ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ असे स्वच्छ लिहिलेले होते. वर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारखेचा शिक्का. लष्करी टपालात गावाचे नाव नसते, क्रमांक असतो. पण तो क्रमांक त्या वेळी कोठे होता हे लष्कराला सांगता येते. जी माता वाचावयास शेजाऱ्याकडे जात असे, तिने जपलेला कागद आज मुलाची साक्ष द्यावयास उभा राहिला. त्याच्या प्रती प्रतिज्ञापत्रासह आम्ही पाठविल्या आहेत. निर्णय अजून व्हावयाचा आहे.

इतक्या वर्षांनी नोंद सुधारून काय साधणार, असे मला एकदोघांनी विचारले. त्यांच्यासाठी एक मोठे उदाहरण देतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. १०३, ११० आणि ११७ या पलटणी तर कूटच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने जेरीस येऊन साऱ्या सैन्याबरोबर शरण गेल्या. त्या मोहिमेतील ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी इराकमध्ये बसरा येथे स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार केवळ आकडा आहे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरची किती घरे त्या आकड्यांत असतील! आपल्या ग्वाल्हेरच्या संस्थानी पायदळाची अर्धी पलटणही १९१४ च्या नोव्हेंबरात पूर्व आफ्रिकेतील टांग्याच्या मोहिमेवर गेली होती, आणि त्या बाजूच्या नोंदींची स्थितीही याहून बरी नव्हती.

शंभर वर्षे हे असेच चालले. अखेर राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगाने चौकशी करविली आणि एप्रिल २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. मुख्यत्वे पूर्व आफ्रिकेच्या आणि इजिप्तच्या किमान १,१६,००० माणसांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतच्या माणसांचे, नावानिशी किंवा मुळीच स्मरण केले गेले नाही असे त्यात मान्य केले, आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात क्षमा मागितली. मेलेल्या शिपायांच्या नावांचा शोध तेव्हापासून चालू आहे. शंभर वर्षांनी मृतांच्या नोंदी दुरुस्त करणे व्यर्थ नसेल, तर हयात माणसाची एक ओळ पन्नास वर्षांनी लिहिणे व्यर्थ कसे? उलट तीच अधिक निकडीची. कारण मृताला वाट पाहता येते, वृद्धाला येत नाही.

म्हणून जुन्या ग्वाल्हेरकर घरांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळजण वाडे सोडून सदनिकांत जात आहेत, आणि जाताना अडगळ म्हणून पहिल्याने ट्रंका निघतात. ती अडगळ काढण्यापूर्वी एकवार उघडून पाहावी. संस्थानच्या फौजेतील आजोबांचा दाखला, मनिऑर्डरीचे तुकडे, लष्करी टपालाची पत्रे, गणवेशातील छायाचित्रे, यांतील एकही कागद वाचल्याखेरीज रद्दीत देऊ नये. १९४८ मध्ये मध्यभारत झाल्यावर संस्थानची फौज भारतीय सैन्यात विलीन होत गेली. येथील चौथी पायदळ पलटण कुमाऊँ रेजिमेंटची चौदावी झाली. माणसे एका झेंड्याखालून दुसऱ्याखाली गेली, तशी त्यांची दप्तरेही एका हातातून दुसऱ्या हातात गेली. अशा वेळी घरचा कागदच कित्येकदा शेवटचा दुवा असतो.

छायाचित्राच्या मागे नाव, पलटण आणि साल लिहावे. वडीलधाऱ्यांच्या पुस्तिकेतील नोंदी ते सांगतात त्याच्याशी ताडून पाहाव्यात, आणि काही राहिले असेल तर त्यांच्या हयातीत अर्ज करावा. महाराजपूरच्या गोलंदाजांसाठी आता आपल्याला काही करता येत नाही. त्यांच्या वेळी हा कागद कोणी ठेवला नव्हता.