विश्लेषण : उन्हाळ्यातच गाडी का तापते? दोष उन्हाचा की गाडीचा?

मे महिन्याच्या दुपारी नागपूरहून कुही, मांढळ किंवा अंभोऱ्याकडे जाताना एखादी कार बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी असलेली दिसतेच. बाटलीभर पाणी टाकायचे आणि पुढे निघायचे, हा अनेकांचा ठरलेला उपाय. मात्र, पाणी वारंवार टाकावे लागणे हीच बिघाडाची खूण आहे. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास साध्या रबरी पाइपवर भागणारे काम इंजिनचे हेड उतरवण्यापर्यंत जाते.

उन्हाचा नेमका परिणाम काय?

चालू इंजिनमधील कूलंटचे तापमान साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. ही उष्णता रेडिएटर बाहेरच्या हवेला देतो. कूलंट आणि हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितकी उष्णता लवकर बाहेर पडते. जानेवारीच्या सकाळी हवा १५ अंश असेल, तर हा फरक ७५ अंशांचा असतो. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की तो ४५ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर सुमारे ४० टक्के कमी उष्णता बाहेर टाकू शकतो. त्यात एसी सुरू असेल तर रेडिएटरपुढील कंडेन्सरची गरम हवाही त्याच्याच अंगावर येते.

कंपन्या हा हिशेब धरूनच गाडी बनवतात. त्यामुळे सुस्थितीतील गाडी ४५ अंशांतही तापत नाही. अर्धवट तुंबलेला रेडिएटर मात्र हिवाळ्यात निभावून जातो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा उन्हात कमकुवत यंत्रणेला सवलत मिळत नाही.

यंत्रणा कमकुवत कशाने होते?

कारणे दोन बाजूंनी येतात. बाहेरून धूळ, किडे, कापसाचे तंतू आणि धानाचा भुसा जाळीत अडकतो व हवा अडते. आतून नुकसान करते ते बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी. चहाच्या भांड्याला पांढरा थर चढतो, तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. साध्या पाण्याने गंजही चढतो. कूलंट गंज रोखते आणि उकळणबिंदूही वाढवते.

रेडिएटरच्या झाकणाचे कामही मोठे आहे. ते आत दाब टिकवते. सुमारे १ बार जादा दाबाखाली साधे पाणीदेखील १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक झाले की दाब निसटतो आणि कूलंट लवकर उकळून बाहेर पडते.

बिघाड कसा ओळखावा?

गाडी कधी तापते, यावरून बरेच कळते. बाजाराच्या गर्दीत किंवा फाटकाजवळ उभी असताना तापते, पण वेग घेताच काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर घ्यावा. एसी सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. तो फिरत नसेल, तर फ्यूज, रिले, वायरिंग आणि मोटर तपासावी.

मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर तापत असेल, तर रेडिएटर तुंबलेला असणे, कूलंट कमी असणे किंवा वॉटर पंप कमजोर होणे ही कारणे संभवतात. गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा चढतो, वरचा पाइप कढत आणि खालचा गारच, असे असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो.

गळती दिसत नाही, तरी कूलंट घटते. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसतो. ही लक्षणे हेड गॅसकेट गेल्याची असू शकतात. अशी गाडी चालवू नये.

काटा वर गेल्यास काय करावे?

एसी बंद करा. काचा खाली घेऊन हीटर पूर्ण सुरू करा. त्यामुळे इंजिनची काही उष्णता बाहेर पडते. सुरक्षित जागी गाडी उभी करा. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद करा आणि माणसांना सावलीत न्या. किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. दाबाखालचे उकळते कूलंट कारंज्यासारखे उसळून चेहरा व हात भाजतात. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

काटा अचानक खाली आला म्हणून निश्चिंत होऊ नका. कूलंट संपल्यास सेन्सर कोरडा पडतो आणि चुकीचे तापमान दाखवू शकतो.

कुहीहून नागपूर सुमारे ४० किलोमीटर. नेहमीच्या मेकॅनिकलाच दाखवू, म्हणून तापलेली गाडी तेवढी दामटली तर हेड वाकून गॅसकेट जाऊ शकते. त्यापेक्षा जवळच्या गॅरेजवाल्याला बोलावणे किंवा गाडी टोचन करून नेणे स्वस्त पडते.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

नुसते ‘पाणी भरून द्या’ म्हणू नये. आधी दाब देऊन गळती तपासायला सांगावे. झाकण, होज पाइप, बेल्ट व पंखा पाहून घ्यावा. रेडिएटर आतून फ्लश करून बाहेरची जाळी हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी. थर्मोस्टॅट खराब असेल तर तो काढून टाकू नये, नवा बसवावा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचेच कूलंट भरावे. ते पातळ करायचे असल्यास डिस्टिल्ड वॉटर वापरावे. शेवटी आतली हवा पूर्ण काढली का, हे विचारावे. हवा अडकल्यास नव्या सामानानिशीही गाडी तापते.

ही तपासणी नवतपा लागण्यापूर्वी करून घ्यावी. त्यानंतर आठवड्यातून एकदा, सकाळी थंड इंजिनवर, कूलंटच्या बाटलीतील पातळी किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये आहे का, ते पाहावे. ती घटत असेल, तर पाणी घालण्याआधी ते कुठे जाते ते शोधावे.