गच्चीवरून गुरू-शनी

२०२० च्या हिवाळ्यात वसतिगृह बंद होते. पी.टी. नाही, परेड नाही. दुपारपर्यंत मोबाईलवर वर्ग. आधी मी ऑनलाइन बुद्धिबळ खेळलो, पण रेटिंग काही वाढेना. मग ‘स्टेलेरियम’ हे आकाशाचा नकाशा दाखवणारे अ‍ॅप मिळाले आणि २१ डिसेंबर २०२० च्या गुरू-शनी युतीबद्दल कळले. आजीला ती पंचांगातून आधीच ठाऊक होती!

युती म्हणजे टक्कर नव्हे. आपल्या मैदानावरचा ट्रॅक आठवा. आतल्या लेनमधला गुरू सुमारे १२ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो, बाहेरच्या लेनमधल्या शनीला साधारण साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणून दर २० वर्षांनी गुरू शनीला मागे टाकतो. तेव्हा आपल्याला दोघे शेजारी दिसतात. प्रत्यक्षात २०२० मध्ये त्यांच्यात सुमारे ७३ कोटी किलोमीटर होते. आकाशात मात्र फक्त ०.१ अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा पाचवा भाग. इतके जवळ ते १६२३ नंतर आले नव्हते. पुन्हा येतील २०८० मध्ये.

बाबा पोस्टिंगवर, रजा रद्द झालेली. त्यांना फोनवर सांगितले: सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, बेअरिंग साधारण २३५ अंश, हात लांब करून क्षितिजापासून एक वीत वर.

मी बाबांचीच दुर्बीण पाण्याच्या टाकीवर टेकवली (हातात धरली की ठिपके नाचतात). गुरूचे चंद्रसुद्धा दिसले! बाबांकडे ढग होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “दिसले रे! त्यातला शनी कोणता?”

“फिका तो, बाबा.”