राज्याच्या हद्दीपलीकडचा चार्जर

निसान लीफ ही इलेक्ट्रिक गाडी डिसेंबर 2010 मध्ये अमेरिकेत विक्रीला आली, तेव्हा पूर्ण चार्ज केल्यावर ती सरकारी चाचणीप्रमाणे 73 मैल जात असे. सिॲटल ते पोर्टलंड हे अंतर त्याच्या दुपटीहून जास्त, आणि मध्येच वॉशिंग्टन संपून ओरेगॉन सुरू होते. एका राज्याने आपल्या हद्दीत कितीही चार्जर बसवले, तरी शेजाऱ्याने हात आखडता घेतला की प्रवास अडलाच. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांनी गेल्या दीड दशकात या अडचणीवर मिळून काम केले. त्याचा हिशेब मांडायला हवा, कारण तिथे कोणती यंत्रे बसवली यापेक्षा राज्यांनी आपसात काय ठरवले आणि काय ठरवायचे राहिले, यावरच बरेवाईट घडले.

सुरुवात किनाऱ्यावर झाली. 2008 च्या मंदीनंतर आलेल्या केंद्रीय निधीच्या आधाराने वॉशिंग्टन आणि ओरेगॉनने ‘वेस्ट कोस्ट इलेक्ट्रिक हायवे’ हाती घेतला. कॅनडाच्या सीमेपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या आय-5 महामार्गावर आणि त्याला मिळणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर दर 25 ते 50 मैलांवर चार्जिंगची सोय, हे सूत्र ठरले. दक्षिण ओरेगॉनमधला पहिला टप्पा मार्च 2012 मध्ये सुरू झाला. दोन्ही राज्यांनी एकाच कंपनीकडे, एरोव्हायरनमेंटकडे, काम सोपवल्यामुळे हद्द ओलांडली तरी चालकाला वेगळे काही शिकावे लागत नव्हते.

मात्र तिथले फास्ट चार्जर चाडेमो या जपानी पद्धतीच्या प्लगचे होते. काही वर्षांत अमेरिकी आणि जर्मन कंपन्यांनी सीसीएस हा दुसरा प्लग स्वीकारला आणि नव्या गाड्यांना ही यंत्रे निरुपयोगी ठरू लागली. 2018 मध्ये एरोव्हायरनमेंटने आपला चार्जिंगचा व्यवसाय वेबास्टोला विकला. पुढे ओरेगॉनला दोन्ही प्लग असलेली यंत्रे बसवण्यासाठी नव्याने खर्च करावा लागला. चार्जर कुठे बसवायचे हे राज्यांनी नीट ठरवले होते. दहा वर्षांनी त्यांची काळजी कोण घेणार, हे तितके नीट ठरवले नव्हते.

डोंगराळ भागातली कथा वेगळी. नेवाडाने 2015 मध्ये रेनो ते लास व्हेगास या निर्जन रस्त्यावर ‘नेवाडा इलेक्ट्रिक हायवे’ जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी बीटी या छोट्या गावात पहिले स्टेशन सुरू झाले. डिसेंबर 2016 मध्ये कोलोरॅडो, युटा आणि नेवाडा एकत्र आले. ऑक्टोबर 2017 मध्ये आयडाहो, मोंटाना, न्यू मेक्सिको आणि वायोमिंगसह सात गव्हर्नरांनी ‘रेव्ह वेस्ट’ या सामंजस्य करारावर सह्या केल्या. ॲरिझोना मागाहून आले आणि राज्ये आठ झाली.

सह्या करणाऱ्या सातांपैकी पाच गव्हर्नर रिपब्लिकन होते, दोन डेमोक्रॅट. देशात सर्वाधिक कोळसा काढणारे वायोमिंगही त्यात होते. हे केवळ पर्यावरणाच्या ओढीने घडले नाही. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो या तिन्ही राज्यांत पसरले आहे. पर्यटकाची गाडी एका राज्यात अडली की शेजारच्या राज्यातले हॉटेलही रिकामे राहते. हितसंबंध इतके उघड असले की पक्षभेद मागे पडतात, हे या कराराने दाखवून दिले आणि मला त्याचे मोल फार वाटते.

करार कुणावर बंधनकारक नव्हता, पण त्यातली कलमे व्यवहारी होती. स्टेशनांच्या जागा एकमेकांना विचारून ठरवायच्या, चालवण्याचे निकष सारखे ठेवायचे, इमारतींच्या नियमांत चार्जिंगचा विचार आणायचा आणि जास्त प्रकारच्या इलेक्ट्रिक गाड्या विक्रीला ठेवण्यासाठी कंपन्यांच्या मागे लागायचे. पैशांची वाटही नेमकी त्याच सुमारास मोकळी झाली. फोक्सवॅगनच्या डिझेल घोटाळ्याच्या तडजोडीतून राज्यांना मिळालेल्या निधीपैकी 15 टक्क्यांपर्यंत रक्कम चार्जिंगसाठी वापरता येत होती.

खरी अडचण वीजबिलात होती. फास्ट चार्जर थोडाच वेळ चालतो, पण त्या वेळात भरपूर वीज खेचतो. अनेक वीज कंपन्या महिन्यातल्या सर्वोच्च मागणीवर मागणी आकार लावतात. दिवसाला दोन-चार गाड्या येणाऱ्या माळरानावरच्या स्टेशनचे उत्पन्न त्या आकारातच संपते. गव्हर्नरांच्या सहीने हे दर बदलत नाहीत. ते वीज कंपन्यांच्या आणि नियामकांच्या हातात असतात.

नोव्हेंबर 2021 मध्ये पायाभूत सुविधांच्या कायद्याने महामार्गांवरच्या चार्जिंगसाठी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर मंजूर केले. दर 50 मैलांवर स्टेशन, प्रत्येक ठिकाणी किमान चार चार्जर आणि वर्षातला 97 टक्के वेळ यंत्र चालू, अशा अटी आल्या. राज्ये आपसात जे जमवू पाहत होती, त्यातले बरेच आता देशाच्या नियमात आले. ती शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण यंत्र बसवण्याबरोबर ते चालू ठेवण्याची जबाबदारीही तिने लिहून ठेवली. वायोमिंगने मात्र 50 मैलांच्या अटीतून सूट मागितली. इतक्या तुरळक गाड्यांवर स्टेशन चालणार नाही, हे त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते.

फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या प्रशासनाने हा निधी रोखला. कोलोरॅडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको किनाऱ्यावरच्या राज्यांसोबत कोर्टात गेली. युटा, आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंग गेली नाहीत. आठ राज्यांची एकी तिथे तुटलेली दिसली. जूनमध्ये सिॲटलच्या न्यायालयाने 14 राज्यांचा निधी मोकळा करण्याचा आदेश दिला आणि ऑगस्टमधल्या सुधारित नियमांत स्टेशनांमधले अंतर ठरवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली.

म्हणजे वाटाघाटीचा मुख्य विषय पुन्हा राज्यांच्याच हाती आला आहे. केंद्राचा पैसा येतो तसा थांबतोही. शेजारी मात्र बदलत नाही. म्हणून शेजाऱ्यांचा पुढचा करार जागांच्या नकाशापासून सुरू होऊ नये. दुरुस्ती कोण करणार, वीज कोणत्या दराने मिळणार आणि चालवणारी कंपनी विकली गेली तर जबाबदारी कोणावर, हे त्याच्या पहिल्याच पानावर लिहायला हवे. पंधरा वर्षांच्या अनुभवाने एवढे नक्कीच शिकवले आहे, आणि हा धडा विसरणाऱ्याला जुनाच खर्च दुसऱ्यांदा करावा लागेल.