गाडीची उंची बदलताना कारागिरांनी काय पाहावे?

आपल्या समाजातील कितीतरी कारागीर गॅरेजच्या धंद्यात आहेत. गाडी खाली बसवून मागणारे तरुण ग्राहक त्यांच्याकडे येत असतात. काम दिसायला सोपे. पण ग्राहकाची गाडी आपल्या हाती अमानत असते आणि येथील चुकीने जीवही जाऊ शकतो, म्हणून ही माहिती देत आहोत.

कॉइलओव्हर म्हणजे बाहेरून आटे पाडलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती बसवलेली स्प्रिंग. याचे दोन प्रकार असतात आणि सगळा घोळ येथेच होतो. साध्या प्रकारात स्प्रिंगखालची रिंग वरखाली करून उंची बदलते. रिंग उतरवली की गाडी बसते, पण शॉक अ‍ॅब्सॉर्बरला दबायला उरलेली जागाही कमी होते. शिवाय चाक लटकले की स्प्रिंग सैल पडून बैठकीतून सरकू शकते. दुसऱ्या प्रकारात शॉक अ‍ॅब्सॉर्बरची नळीच खालच्या ब्रॅकेटमध्ये फिरते. तेथे उंची ब्रॅकेटवरूनच बदलावी, स्प्रिंगच्या रिंगला हात लावू नये. मात्र गाडी उचलताना नळीचे किती आटे ब्रॅकेटमध्ये राहिले पाहिजेत हे कंपनीच्या पत्रकात पाहावे. त्याहून कमी आट्यांवर गाडी सोडणे म्हणजे ग्राहकाच्या जिवाशी खेळ.

स्विफ्टसारख्या गाडीत मागची स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर वेगवेगळे असतात, तेथे उंची स्प्रिंगच्या बैठकीवर ठरते.

माप सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावे. आटे ब्रशने साफ करून तेल द्यावे, एअर गन लावू नये. आट्यांची पिच 2 मि.मी. असेल तर एका फेऱ्यात रिंग 2 मि.मी. सरकते, चाक काही गाड्यांत त्याहून जास्त सरकते. जॅक काढल्याबरोबर मोजू नये, गाडी थोडी पुढेमागे ढकलून बसू द्यावी. एकच कोपरा जास्त फिरवला तर डुगडुगत्या स्टुलासारखा भार तिरका पडतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सें.मी. उंच असतो, आपल्या गल्लीतले मानक पाळतात कोठे! तसेच मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. या दोन्ही गोष्टी पाना हाती घेण्यापूर्वीच ग्राहकाला सांगाव्यात. उंची बदलल्यावर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत पुन्हा लावावा लागतो, त्याची मजुरीही तेव्हाच ठरवावी.