घाट उतरण्याआधी गाडीखाली वाका : पिकअपची कोणती कामे स्वतः करावीत, कोणती मेस्त्रीकडे न्यावीत

बेळगाव : प्रतिनिधी

बेळगावातून गोव्याला जाणारी भाजी आणि दूध मोठ्या प्रमाणात छोट्या मालगाड्यांतून जाते. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरायचा आणि केरी, साखळीमार्गे पुढचा बाजार गाठायचा, हा अनेक चालकांचा रोजचा रस्ता. यातले बरेचजण स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असतात. गाडी एक दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की भाडे बुडते, मालाची वर्दी दुसऱ्याकडे जाते, बँकेचा हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून 'एवढ्यासाठी मेस्त्रीकडे कशाला, आपणच करू' असे म्हणत पाने बाहेर काढले जातात.

ही सवय चांगलीच आहे. पण कुठली कामे घरी करायची आणि कुठल्या कामाला हात लावायचा नाही, याची रेषा स्पष्ट हवी. घरी करण्यासारखी बहुतेक कामे बघण्याची, पुसण्याची, भरण्याची आणि आवळण्याची असतात. त्यांना पैसा कमी आणि वेळ थोडा लागतो. उलट ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये केलेली चूक अंगणात कळत नाही, ती घाटात कळते.

सकाळची दहा मिनिटे

गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन सुरू करण्याआधी बोनेट उघडावे. पहिली तपासणी ऑइलची. पट्टी बाहेर काढून कोरड्या कापडाने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि मग पातळी बघावी. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर ऑइल खाली उतरायला पाच-दहा मिनिटे द्यावीत. 'जास्त असलेलं बरं' म्हणून वरच्या खुणेपुढे ऑइल ओतणे चूक आहे. फिरणारा क्रँक त्या ऑइलला घुसळतो, फेस होतो आणि सील गळू लागतात.

डिझेल इंजिनचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पण ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर त्यात पाणी गेले आहे. बहुधा हेड गॅस्केट गेलेली असते. अशी गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, ओढून न्यायची.

दुसरे कूलंट. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीवर कमी-जास्तीच्या खुणा असतात. रेडिएटरचे झाकण गरम इंजिनवर कधीच उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते नेहमीच्या उकळबिंदूच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि उकळते पाणी तोंडावर, छातीवर येते. रोज नळाचे किंवा बोअरचे पाणी भरल्यास आत गंज आणि क्षार साचतात. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालावेच लागते, पण नंतर ते काढून ठरलेल्या प्रमाणात कूलंट भरायला हवे.

तिसरा पट्टा. इंजिन बंद असताना दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघावे. तो फार लोंबत असेल, कडा सुटल्या असतील किंवा आतल्या बाजूला भेगा दिसत असतील तर बदलायची वेळ झाली आहे. पट्टा तुटला की बॅटरी चार्ज होणे थांबते आणि अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही बंद पडतो.

टायर काय सांगतो

हवा गाडी थंड असतानाच तपासावी. चालून आलेल्या टायरमधली हवा गरम होऊन दाब जास्त दाखवते. 'हवा जास्त झाली' म्हणून ती काढली की थंड झाल्यावर दाब कमी पडतो. भार भरल्यावर मागच्या टायरला जास्त दाब लागतो. त्याचे आकडे गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराजवळच्या पट्टीवर असतात.

टायरची झीजही वाचता येते. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी किंवा माल जास्त, एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांना टेकला म्हणजे खाच १.६ मिलीमीटरच उरली. पावसाळ्यात त्या टायरवर घाट उतरू नये. आणि स्टेपनीतही हवा असायला लागते. हे बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच आठवते.

चाक बदलताना जॅक लावण्याआधीच नट थोडे सैल करावेत. हँडब्रेक ओढून दुसऱ्या चाकांना मागे-पुढे दगड लावावेत. नट एका ओळीत न आवळता समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघावा. आणि फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली काम करायचे तर लोखंडी स्टँड हवेत.

पावसाआधीची कामे

कणकुंबी-चोर्ला पट्ट्यात पाऊस तुफान असतो. जूनच्या आधी एक रविवार गाडीसाठी ठेवला तर पुढचे चार महिने सोपे जातात.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर जमतो. तो गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून साफ करावा, कोरडे करून वर पेट्रोलियम जेली लावावी. तार काढताना आधी निगेटिव्ह काढायची आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी लावायची. नाहीतर पॉझिटिव्हच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचते. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर तो टाळू नये. इंजिन बंद करून खालचा स्क्रू सैल करावा, बाटलीत पाणी काढावे आणि स्वच्छ डिझेल येऊ लागले की बंद करावा. गाडीला हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबून हवा काढावी. हे पाणी पुढे गेले तर पंप आणि इंजेक्टर खराब होतात, आणि त्यांचे बिल महिन्याच्या हप्त्याच्या वर जाऊ शकते.

एअर फिल्टर उन्हाळ्यातल्या लाल धुळीने भरलेला असतो. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी, बाहेरून आत मारल्यास धूळ कागदात रुतते. फिल्टर दगडावर आपटू नये, धुऊ नये. कागद फाटला असेल तर बदलणे हाच इलाज.

खाली वाकून पाटे बघावेत. एखादा पाटा मोडला की गाडी एका बाजूला कलते. यू-बोल्ट सैल नाहीत ना, हे पान्याने तपासावे. ज्या गाड्यांना ग्रीसचे निपल आहेत त्यांना ग्रीस गनने जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. गाडी उचलताना खालून 'खट' आवाज येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासून घ्यावा.

वॉरंटी संपलेल्या गाडीचे ऑइल घरीही बदलता येते. पुस्तिकेत लिहिलेल्याच ग्रेडचे ऑइल, नवा फिल्टर आणि ड्रेन नटाला नवा वॉशर घ्यावा. फिल्टरच्या रबरी कडेला बोटाने ऑइल लावून तो हातानेच आवळावा. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राख करणारे ऑइल लागते, स्वस्त ऑइल तिथे महागात पडते. काढलेले ऑइल गटारात किंवा शेताच्या बांधावर न ओतता डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे.

न्यूट्रलचा खोटा हिशेब

घाटात गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते, ही जुनी समजूत अजून गेलेली नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना संगणक डिझेलचा फवाराच बंद करतो. चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत होत नाही, उलट थोडे जास्तच जाते.

खरा धोका ब्रेकचा. न्यूट्रलमध्ये गाडी अडवायला इंजिन नसते, सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ठेवलेले लायनर आणि पॅड तापतात आणि त्यांची पकड कमी होते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे जुन्या ऑइलचा उकळबिंदू खाली येतो. ते नळीत उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखे थेट खाली जाते. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांनंतर संपतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते.

'ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा' हा जुन्या चालकांचा नियम म्हणूनच आजही बरोबर आहे. ब्रेक थोडा वेळ जोरात लावून सोडावा, हलका दाबून ठेवू नये. पाण्यातून गाडी काढल्यावर मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा ब्रेक हलके दाबून ते कोरडे करावेत.

इथे हात लावू नका

ब्रेक ऑइलची पातळी मालकाने रोज बघावी, पण ब्रेक उघडू नयेत. पातळी हळूहळू खाली आली तर पॅड झिजलेले असू शकतात, एकदम आली तर कुठेतरी गळती आहे. नुसते वरून ऑइल ओतणे म्हणजे आजार झाकणे. साधारण दोन वर्षांनी किंवा पुस्तिकेत असेल त्या मुदतीत ते पूर्ण बदलून घ्यावे. उघडा राहिलेला जुना डबा वापरू नये.

स्टिअरिंगचे जोड, इंजेक्टर आणि कॉमन रेलच्या नळ्या यांनाही घरी पाना लावू नये. त्या नळ्यांतला दाब हजार बारच्या वर जातो, त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जादा हॉर्न, जादा दिवे फ्यूजशिवाय जोडणेही टाळावे. तार तापून आग लागते ती अशाच जोडांतून.

एक वही डॅशबोर्डमध्ये

शेवटचे काम पेनाचे. साध्या वहीत तारीख, किलोमीटर, केलेले काम, सुट्या भागांचे पैसे आणि भरलेले डिझेल लिहावे. टाकी फुल्ल करून पुढच्या फुल्लपर्यंतचे किलोमीटर लिटरने भागले की अ‍ॅव्हरेज कळते. दोन-तीन टाक्यांत ते सलग घसरले तर एअर फिल्टर, टायरची हवा आणि चिकटून राहणारा ब्रेक, या क्रमाने बघावे. गाडी थांबल्यावर चाकाजवळ हात नेऊन पाहावा, ड्रमला लावू नये. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेले जाणवले तर तिथला ब्रेक चिकटतो आहे.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते. वही नीट असेल तर त्या वेळची धावपळ वाचते, गाडी विकताना चार पैसे जास्त मागता येतात आणि मेस्त्रीला 'काहीतरी आवाज येतो' एवढेच न सांगता कधीपासून, किती किलोमीटरपासून ते सांगता येते. त्याचा अर्धा वेळ तिथेच वाचतो.

आजच्या फेरीआधी यातले एकच करायचे असेल तर ब्रेकचे पेडल घट्ट दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. इंजिन सुरू होताच ते किंचित खाली जाते, तो बूस्टर चालू असल्याचा पुरावा. त्यानंतर ते हळूहळू खालीच जात राहिले तर माल उतरवावा आणि मेस्त्रीला बोलवावे. त्या दिवसाचे भाडे बुडेल, पण ती गाडी घाटात न्यायची नाही.